रमाबाईंचं आज्ञापालन



ख्रिस्ती माणसानं आपला विश्वास जगावा कसा, यावर बोला, असं संयोजकांनी सांगितलं. धैर्य, आज्ञापालन आणि देवावरचा भरवसा या तीन अंगांनी विषय मांडावा, अशीही सूचना होती. या तिन्हींवर स्वतंत्र प्रवचनं आपण रविवारी ऐकतोच. म्हणून मी एकाच आयुष्याबद्दल बोलायचं ठरवलं. या तीन गोष्टी एकमेकींत किती गुंतलेल्या आहेत, ते प्रवचनातून कळत नाही, जगलेल्या आयुष्यातून कळतं. ते आयुष्य पंडिता रमाबाईंचं.

रमाबाईंचं नाव महाराष्ट्रात ठाऊक नाही असा वाचणारा माणूस नसेल. पण आपण त्यांचे दोन तुकडे करून वाटून घेतले आहेत. सुधारकी महाराष्ट्राकडे एक रमाबाई आहेत. कलकत्त्याच्या पंडितांनी १८७८ साली गौरवलेल्या, १८८२ साली पुण्यात आर्य महिला समाज काढणाऱ्या, हंटर आयोगापुढे स्त्रियांसाठी शिक्षिका आणि स्त्री-डॉक्टर मागणाऱ्या. या रमाबाई शारदा सदनापर्यंत येतात आणि १८९३च्या वादानंतर दिसेनाशा होतात. दुसऱ्या रमाबाई आपल्या मंडळीकडे आहेत. त्या थेट केडगावात सुरू होतात. पांढरं पातळ, अनाथ मुली, प्रार्थना, पवित्र शास्त्राचं भाषांतर. पहिल्या रमाबाईंना बंडखोर म्हणतात, दुसऱ्यांना संत. मला आज एवढंच सांगायचं आहे की बाई एकच होती, आणि जिला आपण तिची बंडखोरी म्हणतो ते तिचं आज्ञापालनच होतं.

जन्म २३ एप्रिल १८५८चा, पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे. पत्नीला संस्कृत शिकवलं म्हणून शास्त्रीबुवांवर टीकेची झोड उठली, तेव्हा त्यांनी शास्त्राधारानंच आपली बाजू मांडली. पटलेली गोष्ट ग्रंथ उघडून सिद्ध करायची आणि मग तिच्यासाठी सोसायचं, हा धडा रमाबाईंना घरातच मिळाला. पुढं हे कुटुंब पुराणं सांगत तीर्थाटन करीत राहिलं. व्रतं झाली, दानं झाली, उपास झाले आणि दुष्काळात सगळं संपलं. १८७४ साली वडील गेले, पाठोपाठ आई गेली, नंतर थोरली बहीण. आईच्या तिरडीला खांदा द्यायला माणसं मिळेनात. दोन ब्राह्मण आले, तिसरा भाऊ आणि चौथ्या रमाबाई. उंची कमी म्हणून खांदा पोचेना, तेव्हा आईचा भार त्यांनी डोक्यावर घेतला. वय सोळा.

भाऊ श्रीनिवास १८८० साली गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी रमाबाईंनी नोंदणी विवाह केला. जात वेगळी, प्रांत वेगळा. १८८१च्या एप्रिलात मनोरमा जन्मली आणि १८८२च्या फेब्रुवारीत पटकीनं नवरा गेला. तेविसाव्या वर्षी पदरी मूल घेऊन ही विधवा पुण्याला आली. सिलचरला नवऱ्याच्या घरात सापडलेलं लूकचं शुभवर्तमान त्यांनी बंगालीत वाचलं होतं. पुण्यात नेहेम्या गोऱ्ह्यांसारख्या, चित्पावन घरात जन्मून ख्रिस्ती झालेल्या विद्वानाशी बोलणं झालं. तरी पाऊल पुढं टाकलं नव्हतं. वैद्यकी शिकावी म्हणून १८८३ साली त्या इंग्लंडला निघाल्या, तेव्हा ख्रिस्ती होणार नाही असंच सांगून निघाल्या होत्या.

इंग्लंडात वाँटेज इथं सेंट मेरी द व्हर्जिन या भगिनीसंघाच्या मठात त्या उतरल्या. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी काही महिन्यांतच तिथं आत्महत्या केली. परक्या मुलखात एकच ओळखीचा जीव, तोही असा गेला. अशा घावानंतर घाबरून बाप्तिस्मा घेतला, असं कोणी म्हणेल. पण रमाबाईंनी स्वतः कारण दिलं आहे ते वेगळं. लंडनच्या फुलम भागात या भगिनी 'पतित' म्हटल्या जाणाऱ्या स्त्रियांना सांभाळीत, शिकवीत, पुन्हा उभं करीत. हे रमाबाईंनी कुठं पाहिलं नव्हतं. आपल्याकडे अशा बाईला प्रायश्चित्तही नव्हतं. हे तुम्ही का करता, असं त्यांनी विचारलं. उत्तरादाखल भगिनींनी योहानाच्या चौथ्या अध्यायातली शोमरोनी स्त्री दाखवली. भर दुपारी विहिरीवर एकट्या आलेल्या, पाच नवरे झालेल्या त्या बाईशी येशू बोलतो, तिच्या हातचं पाणी मागतो. २९ सप्टेंबर १८८३ या दिवशी रमाबाई आणि लहानगी मनोरमा यांचा बाप्तिस्मा झाला.

इथून पुढची दोन-अडीच वर्षं मला त्यांच्या आयुष्यातली सर्वांत मोलाची वाटतात, आणि आपल्या मंडळीत त्यांविषयी सर्वांत कमी बोललं जातं. बाप्तिस्मा झाला म्हणजे बाई आता आपल्या ताब्यात आली, अशी त्यांच्या धर्मगुरूंची समजूत झाली होती. रमाबाईंची तशी समजूत नव्हती. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार आज उपलब्ध आहे. महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळानं १९७७ साली तो ग्रंथरूपानं काढला, अ. भि. शहा यांनी संपादन केलं. ती पत्रं प्रत्येक ख्रिस्ती मराठी माणसानं वाचली पाहिजेत.

त्यांत काय आहे? त्रैक्याच्या सिद्धांतावर प्रश्न आहेत. कुमारीपासून जन्म, देहाचं पुनरुत्थान यांवर शंका आहेत. अथानेशियसचा मतांगीकार त्यांना मान्य नाही, कारण तो न मानणाऱ्यांना शाप देतो. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, माझ्या लोकांची जुनी भाषा संस्कृत आहे, ती का नको, असा वाद आहे. अंडं घातलेलं पुडिंग खाण्यावरूनही वाद आहे. रमाबाई शाकाहारी होत्या आणि शाकाहारीच राहिल्या. सिस्टरना यात गर्व दिसला. जातीचा अहंकार अजून गेला नाही, असं त्यांना वाटलं.

सर्वांत मोठी ठिणगी पडली ती चेल्टनहॅमला. तिथल्या मुलींच्या कॉलेजात रमाबाई शिकत होत्या, संस्कृत शिकवण्याचंही ठरत होतं. पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं की नाही, असा प्रश्न निघाला. हिंदुस्थानातल्या बिशपांचं मत पडलं की शिकवू नये, त्यानं मायदेशी त्यांची किंमत कमी होईल. रमाबाईंनी विचारलं, माझ्या देशात मी पुरुषांच्या भरल्या सभेत बोलत आले, तेव्हा कोणी बोट ठेवलं नाही, आता माझ्या लोकांना काय रुचेल ते तुम्ही मला सांगणार? १८८५च्या मे महिन्यातल्या पत्रात त्या स्पष्ट लिहितात की मला माझी सदसद्विवेकबुद्धी आहे. एका पुरोहितवर्गाचं जू मोठ्या कष्टानं उतरवलं, दुसऱ्याचं मानेवर घ्यायला मी तयार नाही. देवाची म्हणून जी आज्ञा मला कळेल ती मी पाळीन, पण माणसाचा शब्द देवाचा शब्द म्हणून गिळणार नाही.

बंधुभगिनींनो, हे लिहिणारी बाई सत्तावीस वर्षांची होती. मठाच्या आधारावर होती, लेकीचं संगोपन त्यांच्या हाती.  मिंधेपणानं गप्प बसावं असे सगळे योग जुळलेले होते. अनोळखी लोकांपुढं निर्भयपणे बोलणं त्या मानानं सोपं असतं. ज्यांनी आपल्याला जवळ केलं, ज्यांचं प्रेम खरं आहे, त्यांना 'नाही' म्हणणं अवघड. पेत्र आणि प्रेषितांनी सभेपुढं सांगितलं होतं की माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे. ती सभा त्यांच्या विरोधकांची होती. रमाबाईंना तेच आपल्या आध्यात्मिक आईला सांगावं लागलं. नातं मात्र तुटलं नाही. मनोरमा त्या सिस्टरना आजीबाई म्हणत राहिली.

मग अमेरिका. आनंदीबाई जोशींना ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियात डॉक्टरकीची पदवी मिळाली, त्या समारंभासाठी रमाबाई गेल्या आणि राहिल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या हालांवर इंग्रजी पुस्तक लिहिलं. १८८७च्या डिसेंबरात बोस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन उभी राहिली आणि तिनं दहा वर्षं पैसा पुरवायचं कबूल केलं. ११ मार्च १८८९ला मुंबईत चौपाटीजवळ विधवांसाठी शारदा सदन उघडलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला गेलं. अट अशी की कोणावर धर्म लादायचा नाही. सदनातल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. चार वर्षांनी, पुन्हा ११ मार्चलाच, त्यांचा धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह झाला. हिंगण्याच्या स्त्रीशिक्षणाच्या कामामागं शारदा सदन उभं आहे, हे कर्व्यांच्या चाहत्यांनी विसरू नये.

रमाबाई आपली प्रार्थना दार लावून करीत नसत. मनोरमेला जवळ घेऊन वाचीत, प्रार्थना करीत. दार उघडंच. हळूहळू काही मुली येऊन बसू लागल्या. 'केसरी'नं तोफ डागली. १८९३ साली रानडे आणि भांडारकर यांनी सदनाच्या सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला, पालकांनी मुली काढून नेल्या. मला इथं दोन्ही बाजूंना न्याय द्यायचा आहे. ज्यांनी विश्वासानं विधवा मुली पाठवल्या, त्यांना आपण फसलो असं वाटणं स्वाभाविक होतं. पण दार लावून घ्यावं, ही मागणी रमाबाईंना मान्य होण्यासारखी नव्हती. धर्म लादणार नाही असं वचन दिलं होतं, लपवीन असं दिलं नव्हतं. पुण्यातल्या सगळ्या वजनदार माणसांची साथ गेली तेव्हा त्यांनी दार उघडंच ठेवलं.

त्याच सुमारास त्यांच्या आतही एक घडामोड चालू होती. १८९१च्या आसपास त्यांना जाणवलं की आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला, पण ख्रिस्त आपल्याला भेटायचा राहिला. आठ वर्षं डोळ्यांत तेल घालून धर्मशास्त्र तपासलेल्या बाईचं हे म्हणणं आहे. म्हणून मला ते खरं वाटतं. शंका बाजूला सारून आलेला हा विश्वास नव्हता. शंका पुरत्या विचारून झाल्या, मग तो आला.

१८९६ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला. बातम्या वाचल्या आणि वीस वर्षांपूर्वीची आपली उपासमार त्यांच्या डोळ्यांपुढं उभी राहिली. मदतनिधीला देणगी पाठवून भागलं असतं. त्या स्वतः गेल्या. मदतकेंद्रांवर अनाथ मुलींचं काय होतं, कोण त्यांना गोड बोलून कुठं घेऊन जातं, ते पाहिलं, आणि तीनशेच्या आसपास मुली-बायका घेऊन आल्या. हाती या मुलींसाठी पैसा नव्हता. पुण्यात प्लेग. शहरात इतक्या जणींना ठेवायला परवानगी मिळेना. दौंडकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर केडगावला फळबागेसाठी घेतलेली जमीन होती. उघड्या माळावर, झाडांखाली, तंबूंत आणि झोपड्यांत त्या मुली राहिल्या. मुक्ती सदनाची सुरुवात ही अशी.

त्याच काळातली आणखी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. पुण्यातल्या प्लेगच्या सरकारी व्यवस्थेत स्त्रियांचे जे हाल होत होते, त्यांविषयी रमाबाईंनी 'बॉम्बे गार्डियन'मध्ये उघड पत्र लिहिलं. सदनातली एक मुलगी त्या व्यवस्थेत नेली गेली होती. मुंबईच्या गव्हर्नरनं आरोप नाकारले. सरकार ख्रिस्ती राज्यकर्त्यांचं, मदत ख्रिस्ती देशांतून येणारी, म्हणून बोलायचं नाही, हा हिशोब त्यांनी केला नाही. पुण्याच्या पुढाऱ्यांना जे सांगितलं, वाँटेजला जे सांगितलं, तेच मुंबई सरकारला.

१८९८ साली बोस्टनच्या दहा वर्षांची मुदत संपली. त्या अमेरिकेला जाऊन आल्या, शारदा सदनासाठी नवी संस्था उभी राहिली. पण मुक्तीचं काम कोणत्याही नेमून दिलेल्या अनुदानावर चालवायचं नाही, जे लागेल ते देवाकडे मागायचं, असं त्यांनी ठरवलं. इंग्लंडातल्या जॉर्ज म्यूलरनं ब्रिस्टलची अनाथालयं याच रीतीनं चालवली होती, त्याचं चरित्र त्यांनी वाचलं होतं. १९००च्या गुजरातच्या दुष्काळानंतर केडगावातली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. दोन हजार पोटं. उद्याचं धान्य आज कोठारात असेलच असं नाही.

हा भरवसा नीट समजून घ्यावा. देव देईल म्हणून हात जोडून बसणं रमाबाईंनी कधी केलं नाही. त्या माळावर विहिरी खणल्या गेल्या, शेती झाली, दुभती जनावरं आली. माग आले, तेलाचे घाणे आले, छापखाना आला. मुली शिक्षिका झाल्या, विणकर झाल्या, टाइप जुळवायला शिकल्या. मनोरमाबाई अमेरिकेत ब्रेल शिकून आल्या आणि आंधळ्या मुलींना वाचता येऊ लागलं. फुलमला पाहिलेलं रमाबाई विसरल्या नव्हत्या. समाजानं वाळीत टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन निघालं. म्हाताऱ्यांसाठी प्रीती सदन निघालं. गुडघे टेकून मागितलेल्या भाकरीसाठी तितकाच घामही गाळलेला होता. आपल्या अनेक संस्थांमध्ये आज विश्वासाच्या नावाखाली नियोजनाचा आळस चालतो, आणि नियोजनाच्या नावाखाली प्रार्थना सुटते. केडगावात दोन्ही एकाच दिवसात होत असे.

इथं एक आक्षेप येतो, तो टाळून पुढं जाणं प्रामाणिकपणाचं होणार नाही. दुष्काळात उचललेली उपाशी मुलं ख्रिस्ती झाली. त्यांना निवड होती का? हा प्रश्न रास्त आहे. भुकेल्या हाताला अन्न देणाऱ्या प्रत्येकानं, मग तो कोणत्याही धर्माचा असो, तो स्वतःला विचारला पाहिजे. मी एवढंच म्हणेन की रमाबाईंनी मुक्ती हे ख्रिस्ती घर आहे असं उघड सांगितलं, शारदा सदनासारखं तटस्थतेचं वचन तिथं दिलं नव्हतं. आणि पतित, आंधळी, म्हातारी, वेडसर अशी जी बाई कोणालाच नको होती, तिच्यासाठीही त्या घराचं दार बंद झालं नाही.

१९०५ साली मुक्तीत मोठं आध्यात्मिक जागरण झालं, त्याच्या कथा आपल्याकडे खूप सांगतात. मी त्यात जात नाही. मला त्याच काळात सुरू झालेलं दुसरं काम अधिक मोठं वाटतं. पवित्र शास्त्राचं मराठी भाषांतर उपलब्ध होतं, पण ते संस्कृतप्रचुर होतं. खेड्यातल्या, नुकतीच अक्षरओळख झालेल्या बाईला ते उमजणार नव्हतं. ज्या बाईला कलकत्त्याच्या पंडितांनी संस्कृतासाठी 'सरस्वती' म्हटलं, तिनं हे ओझं उचललं. हिब्रू आणि ग्रीक मुळांपर्यंत जाऊन, शब्दकोश, व्याकरणं जमवून त्या वर्षानुवर्षं बसल्या. कानांनी आधीच दगा दिला होता. ऐकू कमी येई म्हणूनच तर इंग्लंडात वैद्यकी राहिली होती. दोन हजार जणींचा संसार चालवता चालवता ओळीनंतर ओळ. छपाई केडगावच्याच छापखान्यात, खिळे जुळवणाऱ्या मुक्तीतल्याच स्त्रिया. दुष्काळातून उचललेल्या मुलींच्या हातांनी तो ग्रंथ उभा राहिला. विद्वत्तेचा मान सोडून विद्वत्तेचं सगळं बळ अडाणी बाईसाठी खर्चायचं, यापेक्षा मोठी आज्ञाधारकता मला दुसरी दिसत नाही.

शेवट सोपा नव्हता. ज्या लेकीच्या हाती सगळं सोपवायचं होतं ती मनोरमा २४ जुलै १९२१ रोजी गेली. आई-वडील, बहीण, भाऊ, नवरा, आणि आता एकुलती एक मुलगी. त्या कामावर परत बसल्या. भाषांतर पुरं केलं. ५ एप्रिल १९२२ला त्यांचं निधन झालं. संपूर्ण बायबल १९२४ साली छापून निघालं.

आता माझ्या दोन मागण्या आहेत. आपल्या मंडळ्यांमध्ये दृढीकरणासाठी मुलं-मुली बसतात, त्यांना पाठ करायला प्रश्नोत्तरं देतो. त्यांच्याबरोबर वाँटेजची ती पत्रंही वाचा. एखादी मुलगी उठून पाळकसाहेबांना अवघड प्रश्न विचारील. विचारू द्या. तिला गप्प बसवून आपण विश्वास वाचवत नाही, एखादी रमाबाई घालवतो. आणि मंडळीबाहेरून आलेल्या मित्रांनो, तुम्ही रमाबाईंवर लिहिता, बोलता, त्यांचा अभिमान बाळगता. तेव्हा १८९३ला पुस्तक मिटू नका. शारदा सदनाच्या रमाबाई जिच्या बळावर उभ्या होत्या ती श्रद्धा तुम्हाला मान्य नसेल, पण ती वगळून त्यांचं चरित्र लिहिता येत नाही. केडगाव पुण्याहून फार लांब नाही. मुक्ती मिशन आजही तिथं चालू आहे. एकदा जाऊन या.